नाकपट्ट्याखालची दोन बोटं

आमच्या गल्लीत कुणाच्या शर्टाचं वरचं बटण लागलेलं दिसलं, की खुशाल समजावं, हा माणूस अजून दोनबोटे काकांच्या तावडीत सापडलेला नाही. सापडला, की काका त्याच्या कॉलरमध्ये तर्जनी आणि मधलं बोट घालणार, डोळे मिटून आतून काही ऐकू येतंय असा चेहरा करणार आणि निकाल देणार, "घट्ट आहे." मग बटणही स्वतःच काढणार. बँकेतला नवा मॅनेजर पहिल्या दिवशी टाय लावून गल्लीतून निघाला होता. बँकेत पोचला तेव्हा टाय त्याच्या खिशात होता, आणि हे कसं झालं ते त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही.

काकांचं खरं आडनाव मला माहीत आहे, पण ते सांगून उपयोग नाही. पोस्टमनसुद्धा त्या नावाचं पाकीट परत घेऊन जातो. सगळं गाव त्यांना दोनबोटे म्हणतं. चपलेचा पट्टा, बाळाच्या टोपीचा दोरा, शाळेच्या दप्तराचा बंद, काहीही असो, काकांची ती दोन बोटं खाली सरकली पाहिजेत. एकदा दवाखान्यात रक्तदाब मोजायला डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, तर काकांनी त्याच्याखालीही बोटं घातली आणि म्हणाले, "डॉक्टर, रागावू नका, पण असा पट्टा मी गाढवालासुद्धा बांधला नसता." त्या दिवशीचा रक्तदाब डॉक्टरांचा वाढला असणार.

या वेडाचं मूळ काकांच्या धंद्यात आहे. काका घोड्यांचे लगाम करतात.

आमच्या इमारतीत मी वर राहतो आणि माझ्या बरोबर खाली काकांचं दुकान आहे. दुकान कसलं, रस्त्याकडे एक खिडकी असलेली लांबट खोली. खिडकीपाशी उंच टेबल, त्यावर भोक पाडायची आरी, चामडं कापायची रापी, मेणाचा गोळा आणि जाड दोऱ्याची रिळं. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर चामड्याचे पट्टे. तेल पाजलेल्या चामड्याचा वास जिन्यावरून माझ्या घरात येतो आणि माझ्या पाहुण्यांना वाटतं, मी नवा सोफा घेतला. कोपऱ्यात लाकडात कोरलेलं घोड्याचं मुंडकं आहे. नवा लगाम काका आधी त्यावर चढवून बघतात. काकू त्याच मुंडक्यावर टॉवेल वाळत घालतात आणि या मुद्द्यावर त्या घरात जितकी भांडणं झाली तितकी पैशांवरून झालेली नाहीत.

घोड्याच्या तोंडात आडवी बसते ती लोखंडी दांडी म्हणजे कडियाळ. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये घोड्याला निसर्गाने थोडी मोकळी हिरडी दिलेली असते, तिथे ते बसतं. बसवणारा धांदरट असेल, तर ते दातांवर आपटतं, नाहीतर ओठांचे कोपरे इतके वर खेचतं की घोडा बारा महिने हसतोय असं वाटतं. असा हसरा घोडा रस्त्यात दिसला की काका त्याच्या मालकाला थांबवून रडकुंडीला आणतात. आणि नवं कडियाळ आलं की काका ते प्रथम स्वतःच्या तोंडात घालतात. कुठे धार लागते का, जीभ दबते का, थंडीत गारठा किती बसतो, सगळं स्वतः बघणार आणि मगच ते घोड्याला देणार. काकू म्हणतात, "आमच्या संसारातला सगळ्यात सुखाचा काळ कुठला विचाराल, तर यांच्या तोंडात लोखंड असतं तेवढा."

मुलाच्या लग्नाचं बोलायला मुलीकडची माणसं आली, तेव्हाही काकांच्या तोंडात एक कडियाळ होतं आणि ते नेमकं दाढेमागे अडकलं. काका नुसते मान हलवत बसले. मुलीचे वडील घरी जाऊन म्हणाले, "व्याही फार मितभाषी आहेत हो." या एका गैरसमजावर ते लग्न जुळलं.

तर अशा रीतीने सूनबाई घरात आल्या. त्या आधी हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करत होत्या. माणसाचा हात नुसता बघून त्याच्या हातमोज्याचं माप सांगणाऱ्या. बोलणं थोडं, हसणं डोळ्यांनी, आणि बोटं अशी बारीक आणि लांब, की सुई आणि बोट यांत सुई कुठली ते नीट बघावं लागे. काकांचा मुलगा बस चालवतो. घोड्याच्या जवळ गेला की त्याला शिंका येतात, त्यामुळे वडिलांचा धंदा त्याने लहानपणीच नाकारला, तोही नाकानेच. काका तेव्हापासून कपाळाला हात लावून होते. मग एके दिवशी त्यांनी पाहिलं, की सूनबाईंनी त्यांचा फाटलेला पट्टा बसल्या बसल्या शिवून ठेवलाय आणि टाका त्यांच्याच टाक्याहून सरळ आहे. काकांनी तो पट्टा खिडकीशी नेऊन उजेडात बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "बरा आहे." काकूंनी मला नंतर सांगितलं, की हा शब्द त्यांना स्वतःला अजून मिळालेला नाही.

काकांनी सूनबाईंना सगळं शिकवलं. कानामागचा पट्टा रुंद आणि मऊ हवा, कारण तिथे घोड्याच्या कवटीचं हाड वर आलेलं असतं. कपाळपट्टी कानांवर चढता कामा नये. कडियाळाच्या दोन्ही बाजूंना थोडी फट हवी, म्हणजे ओठ चिमटत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचा नाकपट्टा. हा घोड्याच्या नाकाभोवती आवळला जातो. आवळणाऱ्याला वाटतं, घोडा गप्प बसला, शहाणा झाला. खरं तर त्याला जीभ हलवता येत नसते, चघळता येत नसतं, जांभईसुद्धा देता येत नसते.

"दोन बोटं," काका सांगायचे. "नाकाच्या हाडावर, समोर, बरोबर मध्ये. गालाशी मोजायचं नाही. गाल मऊ असतो, तिथे हत्तीचा पायसुद्धा जाईल. हाडावर दोन बोटं गेली पाहिजेत, आरामात. हा नियम माझ्या वडिलांचा."

"हो, मामंजी."

"त्यांच्या वडिलांचा."

"हो, मामंजी."

"नाही गेली तर?"

"एक भोक सैल."

"शाबास! घोडी असतीस तर तुला गाजर दिलं असतं."

पुढे एका सकाळी काकांनी जाहीर केलं, की ते आता विश्रांती घेणार आणि काम सूनबाई बघतील. गल्लीला धक्का बसला, कारण काका आणि विश्रांती या दोन गोष्टी एका खोलीत कुणी पाहिल्या नव्हत्या. पण मी रोज त्या खिडकीवरून जातो. आरी धरताना काकांचा हात अडखळायचा. दोरा ओवताना ते पाठ करून बसायचे. सकाळी बोटं चोळत चोळत उघडावी लागायची. हे काकूंना माहीत होतं, मुलाला माहीत होतं, सूनबाईंना तर सगळ्यांच्या आधी कळलं असणार. तरी सगळे म्हणायचे, "हो हो, विश्रांती घ्याच आता." आणि काका दिवसभर सूनबाईंच्या मागे उभे राहून विश्रांती घ्यायचे.

गावाबाहेर घोडेस्वारीची शाळा आहे. शाळेच्या बाई उंच, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज काय ते कळत नाही. घोड्यांवर जीव टाकणाऱ्या; माणसांशी जमेल तसं वागणाऱ्या. त्यांच्या तबेल्यातले सगळे लगाम काकांच्या हातचे. काकांच्या दुकानाचं बरंचसं काम तिथूनच येतं. त्या हिवाळ्यात बाईंनी सगळ्या घोड्यांचे लगाम नव्याने करायला दिले. हे सूनबाईंचं पहिलं मोठं काम, एकटीने केलेलं. त्यांनी प्रत्येक घोड्याचं डोकं मोजलं, पट्टे कापले, शिवले, तबेल्यात जाऊन स्वतः चढवले. काका मुद्दाम गेले नाहीत. "मी गेलो की घोडे माझ्याकडेच बघतात," ते म्हणाले. "तिला संधी मिळायला नको?"

थोड्याच दिवसांत बाई दुकानात आल्या. मी त्या वेळी तिथेच होतो. वर्तमानपत्र काकांच्या दुकानात वाचायचं अशी माझी जुनी सवय आहे, ते त्यांनी विकत घेतलेलं असतं.

"मखमल डोकं झटकतेय," बाई म्हणाल्या. मखमल म्हणजे त्यांची राखाडी घोडी, वयस्कर, शहाणी, लहान मुलांना नेहमी तिच्यावरच बसवतात. "लगाम दाखवला की तोंड फिरवते. काल तर दात घट्ट मिटून उभी राहिली. बाकीचेही कुरकुरतात. तो तांबडा घोडा दात खातोय. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं."

"कडियाळ बघितलं?" काका.

"बघितलं. डॉक्टरांना बोलावून दात तपासले. तोंडात काही नाही."

बाई सूनबाईंकडे वळल्या. आवाज खाली आला, आणि बाईंचा आवाज खाली आला की जास्त भीती वाटते. "हे बघ, तुझी शिलाई सुरेख आहे. पण रविवारी मुलांच्या स्वारीचा कार्यक्रम आहे, सगळे आईबाप येणार. मखमलनं डोकं झटकून एखादं पोर पाडलं तर? तोपर्यंत ठीक झालं तर ठीक. नाहीतर मी जुनेच लगाम परत चढवते आणि पुढचे दुकानातून तयार मागवते. मला घोड्यांचं बघावं लागेल."

त्यांचं काही चुकत नव्हतं.

सूनबाई रोज तबेल्यात जायला लागल्या. कडियाळ एक भोक वर, एक भोक खाली. कानामागचा पट्टा उसवून आत लोकर भरली. कपाळपट्टी वाढवली. मखमल त्यांच्या खांद्यावर तोंड घासायची, खिशातलं गाजर काढून खायची आणि लगाम दिसला की मान आकाशाला लावायची. घरी आल्या की काका उलटतपासणी घ्यायचे.

"नाकपट्टा?"

"दोन बोटं, मामंजी."

"हाडावर?"

"हाडावर. समोर. आरामात."

"मग नाकपट्ट्याचं काही नाही," काका म्हणायचे. "तो नियम आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनासुद्धा हा संवाद पाठ झाला. एका संध्याकाळी जिन्यात मी सूनबाईंना काकूंशी बोलताना ऐकलं. "सासूबाई, हे काम गेलं ना, तर मी परत हातमोज्यांच्या कारखान्यात जाते. तिथे काही चुकलं तर निदान कुणाचं तोंड दुखत नाही." काकू म्हणाल्या, "गप गं." पण त्या 'गप'मध्ये जोर नव्हता.

शुक्रवारी दुपारी सगळे चहाला बसले होते. मुलगा सुट्टीवर होता, मी आपला नेहमीप्रमाणे आयता. काकूंच्या कुत्र्याचं नाव हवालदार. सूनबाईंनी त्याला उरलेल्या चामड्यातून नवा पट्टा केला होता. हवालदार टेबलाखालून काकांच्या पायाशी आला, आणि काकांनी सवयीने त्याच्या गळ्याशी बोटं घातली. बोटं पेरापर्यंत गेली आणि थांबली.

"घट्ट आहे," काका म्हणाले.

"नाही हो मामंजी." सूनबाईंनी वाकून आपली दोन बोटं घातली. ती सरकून पार पलीकडे निघाली. "बघा."

काकांनी पुन्हा घातली. पुन्हा पेराशी अडकली. "घट्ट."

"सैल आहे."

"अगं, घट्ट आहे!"

"तुम्ही दोघं कुत्र्याला तरी विचारा," मुलगा म्हणाला.

सूनबाई सरळ बसल्या. त्या काकांच्या हाताकडे बघत होत्या, कारखान्यात गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत असतील तशा.

"मामंजी, हात दाखवा."

"हात काय दाखवायचाय? तू ज्योतिषी केव्हापासून झालीस?"

"टेबलावर ठेवा ना."

काकांनी हात खिशात घातला. म्हणजे घालू गेले. हात खिशाच्या तोंडाशीच अडकून राहिला. काकू उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या तपकिरी हातमोज्यांची जोडी घेऊन आल्या. लग्नानंतर सूनबाईंनी काकांना पहिली भेट दिली होती ती.

"हे घाला," काकू म्हणाल्या.

"हे सापडले कुठे?" काका फारच आश्चर्याने म्हणाले. "हे तर मी बसमध्ये विसरलो होतो."

"कपाटाच्या मागे होते."

"बस काय, कुठेही फिरते."

"बाबा, माझी बस कपाटामागे जात नाही," मुलगा म्हणाला.

काकांनी हातमोजा चढवायचा प्रयत्न केला. अंगठा गेला, करंगळी गेली, आणि तर्जनी आणि मधलं बोट पहिल्याच शिवणीशी थांबली. सूनबाईंनी आपला हात काकांच्या हाताशेजारी ठेवला. त्यांची दोन बोटं म्हणजे काकांचं एक बोट आणि वर थोडं.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. काकांची बोटं सांधे सुजून हळूहळू जाड होत गेली होती, इतकी हळू की कुणाला पत्ता लागला नाही. बोटं वाढली तशी त्यांच्या हातच्या प्रत्येक नाकपट्ट्याखालची जागा वाढली. गावातले सगळे घोडे त्या ऐसपैस जागेत सुखाने चघळत होते. आणि सूनबाईंनी नियम तंतोतंत पाळून, आपल्या बारीक बोटांनी, तबेल्यातले सगळे घोडे एकजात आवळून ठेवले होते.

"म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं मोजत होतो?" काका म्हणाले.

"नाही हो. तुमचंच बरोबर होतं. घोडे तक्रार कुठे करत होते?"

"म्हणजे माझ्या सुजेला अक्कल होती. मला नव्हती!"

"असं कुठे म्हणतेय मी..."

"सूज वगैरे काही नाही!" काका उठले. "हात मुरलाय माझा. चांगला माल मुरतो!" आणि चहा तसाच टाकून दुकानात गेले. जाताना हातमोजे मात्र घेऊन गेले. काकूंनी ते आता कुठे लपवतात ते बघून ठेवलं.

थोड्या वेळाने मी खाली गेलो. काका टेबलाशी बसले होते, हात मांडीवर, तळवे वर. लाकडी मुंडक्यावर ओला टॉवेल होता आणि ते त्यावर काही बोललेही नव्हते, यावरून काय ते ओळखा.

"गावाला काय कळेल आता?" ते म्हणाले. "की म्हातारा विश्रांती घेत नव्हता. म्हाताऱ्याचा हात गेला. आरी धरता येत नाही, म्हणून सुनेला पुढे केलं." मग म्हणाले, "आणि ज्या बोटांच्या जोरावर मी सगळ्या गावाची बटणं काढली, ती बोटं म्हणजे दोन रताळी."

असं काही ऐकलं की शहाण्या माणसाने शहाणं काहीतरी बोलावं. मी म्हटलं, "चहा गरम करून आणू का?" माझ्याजवळ तेवढंच होतं.

शनिवारी रात्री जेवताना सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मी उद्या सकाळी जाऊन सगळे नाकपट्टे सैल करते. तुमच्या बोटांचं काही सांगणार नाही. सांगेन, माझं मोजणं चुकलं."

"हो," काका ताटाकडे बघत म्हणाले.

काकूंनी जेवण वाढायचा डाव भांड्यात जरा जोरात ठेवला.

रविवारी सकाळी सूनबाईंबरोबर मी गेलो, हत्यारांची पिशवी धरायला. तबेल्यात दारं उघडी होती, जमिनीवर ताजा भुसा, बादल्यांतून वाफ निघत होती. मोतद्दार घोड्यांना खरारा करत होते. पलीकडे मैदानाच्या कठड्याशी आईबापांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. सूनबाईंनी मखमलच्या मानेवर हात ठेवला आणि नाकपट्टा सोडायला लागल्या, तेवढ्यात बाई आल्या.

"सैल करतेस? आज?"

"माझं माप चुकलं होतं, बाई. जागा कमी पडत होती."

"किती ठेवली होती?"

"दोन बोटं."

"मग चुकलं काय? तुझे सासरे आयुष्यभर दोन बोटंच ठेवत आले. मीही तेच शिकले." बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "कालपर्यंत म्हणत होतीस बरोबर आहे, आज म्हणतेस चुकलं. उद्या काय म्हणशील? मुली, तुझ्या हातात माझ्या घोड्यांची तोंडं आहेत. मला सांग, मी तुझ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवू?"

सूनबाईंच्या तोंडाशी उत्तर आलेलं मला दिसलं. आणि त्यांनी ते गिळलेलंही दिसलं. "चुकलं माझं," एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या आणि पट्टा हातात धरून उभ्या राहिल्या.

"तिचं काही चुकलं नाही," मागून आवाज आला.

दारात काका. अंगात लग्नसमारंभातला कोट, दोन्ही हात पाठीमागे. इतकं चालून आल्यामुळे धाप लागलेली. बसने आले नाहीत, कारण बस मुलाची होती आणि घरातून निघताना कुणाला सांगितलेलं नव्हतं.

ते सरळ मखमलपाशी आले. हात पाठीमागून पुढे आणला आणि घोडीच्या नाकाच्या हाडावर ठेवला. तर्जनी आणि मधलं बोट, सांधे फुगलेले, जरा वाकडे. "तुझा ठेव," ते सूनबाईंना म्हणाले. त्यांनी शेजारी आपली दोन बोटं ठेवली.

बाई वाकून बघायला लागल्या. दोन मोतद्दार खरारा थांबवून जवळ आले.

"दोन्ही दोन बोटंच आहेत," काका म्हणाले. "माझी सुजलीत. बरीच वर्षं. आरी धरवत नाही, म्हणून काम सोडलं. विश्रांती वगैरे सगळं बंडल. हिला मी नियम शिकवला, पण नियम कुणाच्या बोटाचा, ते सांगायचं राहिलं. मलाच ठाऊक नव्हतं." मग, इतका वेळ खरं बोलल्याचा ताण सहन न होऊन, ते बाईंकडे वळले. "तुमचीही दाखवा बरं. तुम्हीही मोजता ना बोटांनी?"

बाईंनी निमूटपणे हात पुढे केला. तो जाडीला काकांच्या आणि सूनबाईंच्या बरोबर मधला होता. एका मोतद्दाराने आपला ठेवला, दुसऱ्याने ठेवला. मखमलच्या नाकावर पाचजणांची बोटं आणि एकही जोडी दुसरीसारखी नाही. घोडीने एवढ्या हातांचा वास घेतला आणि गाजर एकाकडेही नाही हे कळल्यावर सुस्कारा सोडला.

"मग मोजायचं कुणाच्या बोटानं?" बाई म्हणाल्या.

"घोडीलाच विचारू," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी नाकपट्टा काकांच्या बोटांभोवती लावला आणि काकांना म्हणाल्या, "काढा आता." खिशातून गाजर काढून मखमलला दिलं. घोडीचा जबडा गोल गोल फिरायला लागला, पट्ट्याला कुठे अडला नाही, जीभ बाहेर येऊन ओठांवरून फिरली. सूनबाईंनी पट्टा एक भोक आवळला. चघळणं मंदावलं, घोडीने मान किंचित वर केली. पुन्हा सैल. मान खाली. सूनबाईंनी पिशवीतून लाकडाची एक निमुळती ढलपी काढली, पट्ट्याखाली सरकवली, जिथे अडकली तिथे पेन्सिलीची खूण केली. "हे माप. आता कुणीही मोजा."

"माझ्या बोटाहून थोडं कमीच आहे," काका बारकाईने बघत म्हणाले.

"केसभर, मामंजी."

"केसभर ना? मग ठीक आहे."

बाईंनी स्वतः मखमलला बाहेर काढलं, एका लहान मुलीला वर बसवलं आणि मैदानाला एक फेरी मारली. मखमलचं डोकं खाली, कान सैल, तोंडात अजून गाजराची आठवण. फेरी संपवून बाई परत आल्या. शिट्टी हातात घेतली, सोडली. त्यांना माफी मागायची होती, पण त्याची सवय नव्हती.

"बाकीचे सगळे पण या लाकडानं बघून घ्यायचे," त्या सूनबाईंना म्हणाल्या. "कार्यक्रमाआधी. जमेल?"

"जमेल."

"आणि उन्हाळ्यात खोगिरांचे पट्टे करायचेत." मग त्या काकांकडे वळल्या, जरा अवघडून. "दोनबोटे, आता यापुढे काम असलं की निरोप कुणाला पाठवायचा?"

काकांनी खिशात हात घालायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून कोटाचं बटण धरलं.

"हिला," ते म्हणाले. "फक्त हिला पाठवायचा."

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला निरोप? मी येणारच."

सूनबाई तोपर्यंत तांबड्याच्या दारात पोचल्या होत्या. "मामंजी, जरा याचं डोकं धरता?" त्यांनी आतून हाक मारली.

आयुष्यभर काकांसाठी इतरांनी डोकी धरली होती. काका कोट काढून माझ्या हातात देऊन आत गेले, त्यांनी दोन्ही हातांनी तांबड्याचं डोकं धरलं आणि हात मोकळे नाहीत म्हटल्यावर तोंडाने सूचना द्यायला सुरुवात केली.